‘डार्क’ची टाइमलाइन घरी कशी लावायची

ज्यांनी नेटफ्लिक्सवरची ‘डार्क’ ही काळप्रवासाची जर्मन सिरियल बघितलेली नाही त्यांनी इथून पुढे वाचू नका, खरंच नका वाचू, कारण टाइमलाइन लावायची म्हणजे कोण कोणाचा कोण हे बोलावंच लागतं आणि या सिरियलची निम्मी मजा ते स्वतःला कळण्यात आहे. तिन्ही सीझन बघा, 10, 8 आणि 8 असे 26 एपिसोड आहेत, मग या. ज्यांनी बघितलीये आणि दुसऱ्या सीझनच्या मध्यावर डोकं धरून बसलेत त्यांच्यासाठी हे आहे. मी, माझा मामेभाऊ, वहिनी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, अशा चौघांनी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या हॉलमध्ये पाच रविवार बसून पूर्ण टाइमलाइन कागदावर लावली, त्यातला पहिला रोल पूर्ण वाया गेला, तो का वाया गेला ते पण सांगते म्हणजे तुमचा जाणार नाही. आणि पद्धत हीच कुठल्याही सायन्स फिक्शन सिरियलला चालते, म्हणून मधेमधे ‘स्टार ट्रेक’ आणि ‘डॉक्टर हू’ची पण उदाहरणं येतील.

सामान फार लागत नाही. पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागदाचा रोल मिळतो ना, जूनमध्ये मेन रोडला प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानाबाहेर लावलेला असतो, तो एक आणा. लाल पेन, निळं पेन, पेन्सिल, खोडरबर, मोठी पट्टी, आणि शिवणाच्या डब्यातले वेगवेगळ्या रंगांचे रीळ. एक्सेल शीट पण करायचीच आहे, पण ती नंतर. आधी कागद का, तर मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर एका वेळी एवढासा तुकडा दिसतो आणि या सिरियलमध्ये 1921 ला काय झालं आणि 2053 ला काय झालं हे एकाच नजरेत दिसलं पाहिजे, नाहीतर हातातनं निसटतं.

आता पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. नाशिकचे असाल तर लगेच कळेल. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आपण काय विचारतो? पाणी किती क्युसेक सोडलं ते पेपरवाले सांगतात, आपण विचारतो, नदीपात्रातल्या उंच मूर्तीकडे बघून, “दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?” गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, की डोक्यावरनं गेलं. मारुती जागचा हलत नाही म्हणून पाणी मोजता येतं. टाइमलाइनचं पण तसंच आहे, आधी न हलणारे मारुती शोधायचे, बाकी सगळं पाणी. आमच्यात आता हा शब्दच पडलाय, कोणी काही तारीख सांगितली की दुसरा लगेच विचारतो, हा मारुती का पाणी?

मारुती म्हणजे काय, तर पडद्यावर स्पष्ट लिहून आलेली तारीख, दिवस-महिना-वर्षासकट. ‘डार्क’मध्ये असे भरपूर आहेत आणि म्हणूनच शिकायला ही सिरियल बेस्ट आहे. पहिल्याच एपिसोडची सुरुवात बघा, 21 जून 2019, मिखाएल कानवाल्ड गळफास घेतो आणि मागे चिठ्ठी ठेवतो, पाकिटावर लिहिलेलं असतं की 4 नोव्हेंबर, रात्री 10 वाजून 13 मिनिटांच्या आधी उघडू नये. हा एका सीनमध्ये दोन मारुती देणारा सीन आहे. मग 4 नोव्हेंबर 2019 च्या रात्री गुहेपाशी छोटा मिकेल गायब होतो. दुसरा सीझन 27 जून 2020 ला येणाऱ्या सर्वनाशाकडे एकेक दिवस मोजत जातो, म्हणजे तिथे तर ते स्वतःच मोजून देतात. हे सगळे लाल पेनने.

निळं पेन कशासाठी, तर जे आपण हिशोबाने काढलं त्यासाठी. कोणी म्हणालं “33 वर्षांपूर्वी”, आणि बोलणारा 2019 मध्ये उभा आहे, तर 1986, पण हे निळ्याने. आणि शेजारी हिशोब लिहायचाच, कुठल्या सीझनचा कुठला एपिसोड, कोण बोललं, कितीतनं किती वजा केले. कंटाळा येतो, माहितीये, पण तीन आठवड्यांनी तुम्हाला आठवत नाही की हा 1974 कुठून आला आणि मग परत सगळा एपिसोड बघत बसावं लागतं.

पेन्सिल अंदाजासाठी. पेन्सिलीवरनं पुढचा हिशोब करायचा नाही, हा नियम पक्का ठेवा, कितीही मोह झाला तरी. एका अंदाजावर दुसरा अंदाज रचला की चार पायऱ्यांनंतर तो खरा वाटायला लागतो, आणि मग खरी तारीख समोर आली तरी माणूस तिच्याशीच भांडतो.

बोललेल्या तारखेबद्दल एक सांगायचंय. पात्रं खोटं बोलतात, विसरतात, अंदाजे बोलतात. सिरियल घडते त्या विंडेन गावात तर प्रत्येक जण काही ना काही लपवतोय. म्हणून नुसतं कोणी बोललं म्हणून लाल पेन उचलायचं नाही. माझी आजी पंचवटीतली, तिला कुठलंच साल सांगता यायचं नाही पण ती म्हणायची, आत्याचं लग्न सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, आणि आपण हे घर घेतलं तेव्हा आत्याचा मोठा बोलायला लागला होता. सिंहस्थ 2003 चा, म्हणजे लग्न 2002, हे पक्कं निघालं, पत्रिकेवर पण तेच आहे. पण “बोलायला लागला होता” यातनं साल पक्कं निघत नाही, दीड वर्षाचा की अडीच, तिथे पेन्सिल. आजीच्या एकाच वाक्यात निळं पण आहे आणि पेन्सिल पण आहे, हे वेगळं करता आलं की कुठलीही सिरियल लावता येते.

आता कागदावर आखायचं कसं. इथेच आमचा पहिला रोल गेला. आम्ही काय केलं, डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ मारली, 1888 पासून 2053 पर्यंत, आणि त्यावर घटना टाकत गेलो. दोन अडचणी आल्या. एक तर 165 वर्षांतली बहुतेक वर्षं रिकामी, आणि सगळी गर्दी थोड्या दिवसांत. दुसरं म्हणजे कोणी प्रवास केला की इकडून तिकडे कमान काढायची, दहा-बारा कमानी झाल्या आणि शेवयांचा गुंता झाला.

बरोबर रीत अशी. गुहेतनं गेलं की माणूस बरोबर 33 वर्षं मागे किंवा पुढे निघतो, असं 33 वर्षांचं चक्र आहे ना, मग त्याचाच उपयोग करायचा. एकाखाली एक आडव्या पट्ट्या आखा. 1888, मग 1921, मग 1954, 1987, 2020, 2053. मोजून बघा, प्रत्येकात 33 चा फरक आहे, आणि 1888 ते 2053 म्हणजे 165, म्हणजे बरोबर पाच उड्या. प्रत्येक पट्टीत वर्ष नाही, तारखा आडव्या जातात. 4 नोव्हेंबर 2019 च्या बरोबर डोक्यावर 4 नोव्हेंबर 1986, त्याच्या डोक्यावर 4 नोव्हेंबर 1953. असं लावलं की गुहेतनं गेलेला माणूस कागदावर सरळ उभ्या रेघेत वर जातो किंवा खाली येतो. गुहेतल्या प्रवासाची रेघ तिरकी झाली तर समजायचं आपली कुठेतरी तारीख चुकलीये. चूक आपोआप दिसते, शोधायला लागत नाही.

आणि दुसरी चूक, जी बहुतेक जण करतात. आम्ही पहिल्या सीझनवरनं डोक्यात पक्कं केलं होतं की वर्षं तीनच, 1953, 1986, 2019. मग दुसरा सीझन आला आणि आम्ही त्यातलं सगळं पण त्याच तीन खणांत टाकत गेलो आणि प्रत्येक वय एकाने चुकायला लागलं, कोणाला कळेना का. वहिनीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, अरे वर्षं ठरलेली नाहीयेत, अंतर ठरलेलं आहे. इकडे सात-आठ महिने गेले तर तिकडे पण तेवढेच जातात. पहिला सीझन 2019 च्या नोव्हेंबरमध्ये 4 ते 12 तारखेच्या आसपास घडतो, म्हणून वरती 1986 आणि 1953. दुसरा सीझन जून 2020 मध्ये, 21 ते 27, म्हणून वरती 1987, 1954 आणि 1921, आणि खाली 2053. पट्ट्या एकमेकींबरोबर चालत राहतात, शेजारच्या दोन रुळांवर दोन गाड्या सारख्याच वेगाने जाव्यात तशा. हे कळल्यावर आम्ही तो रोल गुंडाळून बाजूला ठेवला आणि नवा घेतला.

म्हणून जागा अशी वाटा: नोव्हेंबरचे ते नऊ दिवस आणि जूनचे ते सात दिवस, यांना प्रत्येकी एक वीतभर जागा द्या, आणि मधल्या सात महिन्यांना चार बोटं पुरतात. रोल लांब लागेल, फरशीवर हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाईल, जाऊदे.

हे 33 कुठून आलं, हे पण समजून घ्या, नुसतं कथेसाठी घेतलेलं नाहीये ते. सिरियलमध्येच सांगतात की सूर्य आणि चंद्राचं चक्र 33 वर्षांनी जुळतं. कॅल्क्युलेटर घ्या. सूर्याची 33 वर्षं म्हणजे साधारण 12053 दिवस. चंद्राचं बारा महिन्यांचं वर्ष 354 दिवसांहून थोडं जास्त, अशी 34 वर्षं म्हणजे साधारण 12048 दिवस. चार-पाच दिवसांचाच फरक. आपल्या पंचांगात अधिक महिना टाकून हा फरक आपण वेळच्या वेळी भरून काढतो म्हणून दिवाळी उन्हाळ्यात येत नाही, पण ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून परत तिथेच येते. माझ्या मैत्रिणीच्या शेजारच्या काकूंनी हे एका मिनिटात सांगितलं, आम्ही तासभर गणित करत बसलो होतो.

आता सरळ रेघेला अपवाद. दुसऱ्या सीझनमध्ये योनास, म्हणजे मिखाएलचा मुलगा, 2053 मधून त्या काळ्या गोळ्यातून, ज्याला ते देवकण म्हणतात, 1921 ला पोचतो. 132 वर्षं, म्हणजे 33 चोक, रेघ सरळच आहे, चार पट्ट्या ओलांडून. पण मग अॅडम, म्हणजे म्हातारा झालेला योनासच, त्याला 1921 मधून 2019 च्या जूनमध्ये पाठवतो, मिखाएलच्या मरणाच्या आदल्या दिवशी. 1921 अधिक 99 म्हणजे 2020 यायला हवं, आलंय 2019. रेघ तिरकी. इथे आम्ही अर्धा दिवस घालवला की आपलं काय चुकलं. काहीच चुकलेलं नव्हतं. गुहा आणि हातात घेऊन फिरायचं काळप्रवासाचं यंत्र 33 ला बांधलेलं आहे, अॅडमकडचा तो काळा गोळा बांधलेला नाही. म्हणून प्रवासाची रेघ काढताना कशातनं गेला हे पण लिहा, गुहेला साधी रेघ, यंत्राला तुटक, त्या कणाला दुहेरी. मग तिरकी रेघ दिसली की आधी बघायचं ती दुहेरी आहे का, असेल तर शांत बसायचं, नसेल तर एपिसोड परत लावायचा.

इथपर्यंत झालं कॅलेंडर. आता माणसं, आणि खरा जीव इथे आहे.

कॅलेंडरचा क्रम वेगळा आणि माणसाच्या आयुष्याचा क्रम वेगळा, या दोन गोष्टी एकाच रेघेवर कधीच लावू नका. प्रत्येक माणसाला एका रंगाचा दोरा द्या, जन्मापासून तो दोरा चिकटवत न्या, तो जिथे जाईल तिथे, वर खाली, आणि प्रत्येक थांब्यावर त्याचं वय लिहा. वय कधीच उलटं जात नाही, हा दुसरा मारुती. साल मागे जाईल, वय पुढेच.

मिकेलचा दोरा सगळ्यात आधी करा, त्यातच सगळं येतं. 11 वर्षांचा मुलगा, 4 नोव्हेंबर 2019 च्या रात्री गुहेत जातो, 5 नोव्हेंबर 1986 च्या सकाळी बाहेर येतो. तिथेच वाढतो, नाव बदलतं, मिखाएल कानवाल्ड होतो, लग्न होतं, योनास होतो, आणि 21 जून 2019 ला गळफास घेतो. आता कॅलेंडरने बघा: तो मेला जूनमध्ये आणि हरवला नोव्हेंबरमध्ये, मेल्यानंतर 136 दिवसांनी हरवला. दोऱ्याने बघा: हरवल्यानंतर 32 वर्षं साडेसात महिने जगला. 11 अधिक साडेबत्तीस, म्हणजे साधारण त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा माणूस, आणि पहिल्या सीनमध्ये माणूस त्याच वयाचा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. दोरा फरशीवर चिकटवून झाल्यावर आम्ही चौघं गप्प बसलो होतो थोडा वेळ, कारण त्या जून ते नोव्हेंबरच्या तुकड्यात बाप वारलेला आहे आणि तोच बाप लहान मुलगा होऊन त्याच गावात शाळेत जातोय. सिरियल बघताना हे कळलं होतं, पण कागदावर ते चार बोटांचं अंतर बघितल्यावर पोटात गेलं.

मग हेल्गे डॉप्लर. 1953 मध्ये 9 वर्षांचा, 1986 मध्ये 42 चा, 2019 मध्ये 75 चा. एकच माणूस तीन नटांनी केलाय आणि ओळखायचं कसं, तर कानाजवळची जखम, जी उलरिखने, म्हणजे मिकेलच्या बापाने, 1953 मध्ये त्याला मारलं तिथून आलीये. अशा खुणा दोऱ्यावर लिहून ठेवा: जखम, चष्मा, अंगठी, गळ्यातलं लॉकेट, चेहऱ्यापेक्षा खूण जास्त भरवशाची. पहिल्या सीझनच्या शेवटी म्हातारा हेल्गे 1986 मध्ये जाऊन स्वतःच्याच गाडीला गाडी धडकवतो आणि म्हातारा मरतो, मधला वाचतो. दोऱ्याचं टोक 1986 मध्ये संपलं, पण तोच दोरा तिथूनच पुढे 2019 पर्यंत पण जातो. मामेभाऊ म्हणत होता इथे दोन दोरे करू. नाही करायचे. दोरा एकच, तो एका ठिकाणी स्वतःला ओलांडतो एवढंच. माणूस एक तर दोरा एक.

उलरिखला पण हाच नियम. 2019 मधून 1953 ला जाऊन अडकतो, पोलीस धरतात, आणि 1987 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ऐंशीच्या पुढचा म्हातारा म्हणून दिसतो, त्याच गावात त्याच वेळी तरुण उलरिख हिंडतोय. 1987 च्या पट्टीवर एकाच रंगाचा दोरा दोनदा दिसला की घाबरू नका, शेजारी वय लिहिलंय ना, मग गोंधळ होत नाही. म्हणून वय लिहायला विसरू नका असं मी सारखं सांगतेय.

आता घराणी. चार घरं आहेत, कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडेमान. सगळे जण पहिल्यांदा झाड काढायला जातात, वर आजोबा खाली नातवंडं. आम्ही पण काढलं आणि शार्लोटपाशी अडलं. शार्लोटची मुलगी एलिझाबेथ, आणि एलिझाबेथची मुलगी शार्लोट. झाडात हे बसतच नाही, कोणाला वर लिहिणार? तेव्हा मला त्र्यंबकची वही आठवली. काही वर्षांपूर्वी एका विधीसाठी आम्ही घरचे सगळे त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, तेव्हा गुरुजींनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, लांबडी वही काढली, पानं उलटली आणि माझ्या पणजोबांची सही समोर ठेवली. पिढ्यान् पिढ्या कोण आलं, कोणाचा मुलगा, भाऊ कोण, बरोबर कोण होतं, सगळं नोंदलेलं. त्यात झाड काढलेलं नव्हतं, नोंदी होत्या. एका माणसाची एक नोंद, त्यात बाप कोण आई कोण लिहिलं की बाकी नातं वाचणारा जोडून घेतो. आम्ही तेच केलं. वहीत प्रत्येक पात्राला एक पान, नाव, बदललेलं नाव, आई, बाप, मुलं, कुठल्या सालात जन्म, कुठल्या सालात पहिल्यांदा दिसला. शार्लोटच्या पानावर आई एलिझाबेथ, एलिझाबेथच्या पानावर आई शार्लोट, काही अडत नाही. झाड हट्ट करतं की कोणीतरी पहिलं पाहिजे, नोंदवही असा हट्ट करत नाही.

तिसऱ्या सीझनला हात लावायच्या आधी दुसरा रोल आणा. दुसरं जग आहे, त्याच्या तारखा याच, लोक बहुतेक हेच, पण घटना वेगळ्या, त्या पहिल्या रोलवर टाकल्या की संपलं. सीन कुठल्या जगाचा हे आधी ठरवा, मग तारीख. मार्थाच्या (मिकेलच्या बहिणीच्या) कपाळावर केसांची झालर आहे का बघा, घरातल्या खोल्या डावी-उजवी उलट्या आहेत का बघा. दोन्ही रोल एकमेकांखाली ठेवा, तारखा जुळवून. आणि एका ठिकाणी, सर्वनाशाच्या क्षणी, एकाच माणसाच्या दोन रेघा फुटतात, एकदा हे झालं आणि एकदा ते झालं, दोन्ही खरं. तिथेच फक्त माणूस एक दोरा एक हा नियम मोडायचा, दोऱ्याला गाठ मारून दोन पदर वेगळे काढायचे. बाकी कुठेही दोरा फाडायचा नाही.

बघताना काय करायचं थोडक्यात. आवाज जर्मनच ठेवा, सबटायटल इंग्लिश, डबिंगमध्ये शब्द ओठांशी जुळवायला थोडे फिरवलेले असतात. जिथे पेपर, कॅलेंडर, फाइल, भिंतीवरचा फोटो दिसेल तिथे पॉज. जर्मन तारीख आपल्यासारखीच आधी दिवस मग महिना लिहितात त्यामुळे त्रास नाही, पण अमेरिकन सिरियल असेल तर महिना आधी येतो, 6/7 बघून 6 जुलै लिहून बसाल आणि असेल 7 जून. आणि जिथे तारीख नाही तिथे दोन बाजूंनी कुंपण घाला, याच्या आधीचं नाही आणि याच्या नंतरचं नाही. कोणी चेर्नोबिल होऊन गेल्यासारखं बोललं तर सीन एप्रिल 1986 च्या आधीचा असूच शकत नाही. जुनी गाडी, जुना टीव्ही, जुनं गाणं यातनं फक्त “याच्या आधीचं नाही” एवढंच कळतं, कारण जुनी वस्तू लोक पुढे वीस वर्षं वापरतात, आमच्या घरी अजून आजोबांचा रेडिओ चालू आहे.

दुसऱ्या सिरियल लावणाऱ्यांसाठी. ‘स्टार ट्रेक’मध्ये स्टारडेट, म्हणजे नुसत्या आकड्यांत सांगितलेल्या तारखा, असतात आणि लोक त्या बघून घाबरतात. 1966 च्या मूळ मालिकेत त्या चार आकडी आहेत आणि नीट क्रमाने लागत नाहीत, शिवाय एपिसोड ज्या क्रमाने शूट झाले त्या क्रमाने दाखवलेच नाहीत, सगळ्यात आधी दाखवलेला एपिसोड सगळ्यात आधी बनलेला नव्हता. म्हणून तिथे दोन रकाने करा, बनवल्याचा क्रम आणि दाखवल्याचा क्रम. 1987 ला सुरू झालेल्या ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये मात्र स्टारडेट पाच आकडी झाल्या आणि प्रत्येक सीझनला हजाराने वाढत गेल्या, पहिला सीझन 41 हजारात. मारुती कुठे सापडतो, तर त्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये डेटा हे यंत्रमानव पात्र स्पष्ट सांगतं की हे 2364 साल आहे. झालं. 41 हजार म्हणजे 2364, मग स्टारडेटच्या हजारांत 2323 मिळवा की साल आलं, 47 हजार म्हणजे 2370. आपण शके मध्ये 78 मिळवून इसवी सन काढतो तसंच आहे, शके 1945 म्हणजे 2023, फक्त इंग्रजी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत एकाचा फरक सांभाळायचा.

आणि कधी कधी दोन मारुतीच भांडतात. ‘डॉक्टर हू’मधलं हे गाजलेलं आहे, त्यातली युनिट नावाची लष्करी तुकडी 1970 च्या दशकातली का 1980 च्या. 1968 च्या एका कथेत सांगतात की 1935 च्या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली, म्हणजे 1975 च्या पुढे. त्याच वर्षी आलेल्या पुढच्या एका कथेत युनिटचा प्रमुख ब्रिगेडियर म्हणतो त्यानंतर चार वर्षं गेली, म्हणजे 1979 च्या आसपास. 1975 च्या कथेत डॉक्टरची साथीदार सारा म्हणते मी 1980 ची आहे. इथपर्यंत ठीक चाललंय. आणि मग 1983 च्या कथेत सांगतात की ब्रिगेडियर 1976 लाच रिटायर झाला. दोन्ही पडद्यावरचं, दोन्ही स्पष्ट. 2008 मध्ये तर लेखकांनी डॉक्टरच्याच तोंडी घातलं की मी त्यांच्यात काम करायचो सत्तरच्या दशकात, का ऐंशीच्या? अशा वेळी एक खोडून दुसरं ठेवायचं नाही. दोन्ही लाल पेनने लिहा, मध्ये उभी रेघ मारा, आणि दोन्ही बाजूंनी पुढचा हिशोब वेगवेगळा चालू ठेवा. कुठलं खरं यावर घरात मतदान घेऊ नका, आम्ही एकदा दुसऱ्या एका गोष्टीवर घेतलं होतं, तीन विरुद्ध एक, आणि पुढच्या एपिसोडमध्ये एकटीचंच बरोबर निघालं.

तपासणी शेवटी नाही, मधेमधे करा. आम्ही प्रत्येकाने एकेक घराणं वाटून घेतलं होतं, आणि तपासताना अदलाबदल, मी लावलेले नील्सन मैत्रिणीने तपासले. आपलं आपल्याला दिसत नाही. तपासणारीने कागद न बघता आधी एपिसोड बघायचा, स्वतः नोंद करायची, मग जुळवायचं. सगळं झाल्यावर नेटफ्लिक्सने स्वतः काढलेलं अधिकृत गाइड आहे त्याच्याशी ताडून बघा, त्यात तुम्ही कुठल्या एपिसोडपर्यंत आलात ते निवडता येतं म्हणजे पुढचं कळत नाही. पण ते आधी उघडू नका, प्लीज, मग स्वतः लावण्यात काही उरत नाही.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते, टाइमलाइनच्या कडेला खऱ्या जगाची पण एक बारीक पट्टी ठेवा. दुसरा सीझन आला 21 जून 2019 ला, मिखाएल मेला त्याच दिवशी. तिसरा आला 27 जून 2020 ला, सर्वनाशाच्याच तारखेला. बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझे या दोघांनी बनवलेली ही सिरियल, पहिला सीझन 1 डिसेंबर 2017 चा, तेव्हा 2020 मध्ये जगाचं काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या जूनमध्ये आम्ही सगळे मास्क लावून किराणा आणत होतो, गंगेवर चिटपाखरू नव्हतं, आणि त्या रात्री चौघं चार घरांतनं फोनवर “तीन, दोन, एक, प्ले” म्हणून एकत्र बघत होतो. आमच्या रोलवर 27 जून 2020 च्या खाली हे पण लाल पेनने लिहिलंय.

सगळं लागल्यावर एक्सेलमध्ये उतरवा, रकाने असे: तारीख, जग, ठिकाण, माणूस, वय, कशातनं आला, पुरावा, रंग. वयाच्या रकान्यात साधं सूत्र टाकलं की चुकलेली वयं लगेच दिसतात. फाइलच्या नावात तारीख टाका, जुनी फाइल पुसू नका. रोलचे फोटो वरून, दिवसाउजेडी, प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर थोडी चढेल असे काढा. आणि रोल गुंडाळताना तो लांबीने गुंडाळला जातो हे लक्षात ठेवून नोव्हेंबरचं टोक आत आणि जूनचं टोक बाहेर ठेवा, आतून दोऱ्यांवर बटर पेपर लावा नाहीतर पावसाळ्यात फेव्हिकॉल सुटतो आणि उलरिखचा दोरा हेल्गेला चिकटून निघतो. जूनचं बाहेर का, तर वाद तिथलेच होतात, पूर्ण रोल उलगडायला लागत नाही.